करारातला शिकाऊ, उचलीतला कोयता

भारताच्या राज्यघटनेत बीडचं नाव कुठे येत नाही, मराठवाड्याचं येतं. अनुच्छेद ३७१ च्या दुसऱ्या खंडात, विदर्भाच्या जोडीला. त्या खंडाचे तीन पोटभाग आहेत. पहिला स्वतंत्र विकास मंडळांचा, दुसरा निधीच्या न्याय्य वाटपाचा. या दोहोंवर विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत पुष्कळ शाई खर्ची पडली. तिसऱ्याकडे सहसा कुणी वळत नाही. राज्यपालांवर सोपवता येण्याजोगी आणखी एक जबाबदारी त्यात सांगितली आहे : तंत्रशिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी. ‘कौशल्य विकास’ हे शब्द सरकारी पाट्यांवर यायच्या कितीतरी आधी, १ नोव्हेंबर १९५६ पासून, ही तरतूद घटनेत बसून आहे. आपल्या पोरांना फिटर-वेल्डर होण्याची सोय असावी हा थेट घटनेचा विषय झाला, असे प्रदेश देशात मोजकेच.

या तरतुदीचं बीड जिल्ह्यात पुढे काय झालं, याचा माग काढायला हाताशी असलेले कागद बहुतेक एकाच बाजूचे आहेत. कायदे, नियम, करार, गॅझेटिअर, समितीचा अहवाल, शासन निर्णय : सगळे देणाऱ्याने लिहिलेले. ते वाचताना आश्वासनापेक्षा यंत्रणेकडे लक्ष ठेवलेलं बरं. पैसा कोण देणार, कधी देणार, आणि शिकून झाल्यावर माणसाचं काय, हे प्रत्येक कागदाला विचारत गेलं की बराच उलगडा होतो.

शिकाऊ उमेदवारीचा देशातला पहिला कायदा १८५० चा. अनाथ आणि गरीब मुलांना एखादा धंदा शिकता यावा, हा त्याचा सांगितलेला हेतू. दहा ते अठरा वयाच्या मुलाला बापाने किंवा पालकाने कराराने कारागिराकडे बांधून द्यायचं. मुदत जास्तीत जास्त सात वर्षं, आणि मुलगा एकवीस वर्षांचा झाला की करार संपला. मुलगी असेल तर तिचं लग्न होईपर्यंत. मात्र हा कायदा कंपनी सरकारच्या मुलखाचा. बीड निजामाच्या राज्यात होतं. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात तो लागू, आणि सीमा ओलांडून आष्टी-पाटोद्याकडे आलं की नाही.

म्हणून बीडमध्ये हुन्नर शिकवला जात नव्हता असं मुळीच नाही. हैदराबाद राज्यावरच्या १९०९ च्या गॅझेटिअरमध्ये बीड शहराच्या दोन वस्तूंची नोंद आहे : छागल, म्हणजे पाणी गार ठेवणारी चामड्याची पिशवी, आणि गुप्ती, म्हणजे काठीत लपवलेलं पातं. चामडं कमावून, शिवून त्यातून पाणी गळू न देणं हे काम पाहून लगेच जमत नाही. पात्याला पाणी देणं तर नाहीच. कुणीतरी कुणाला तरी वर्षानुवर्षं हाताखाली घेऊन शिकवत होतं. करार नव्हता, कारण गुरू बहुतेक बाप किंवा चुलता असायचा आणि धंदा जातीने ठरलेला. त्याच खंडातले जनगणनेचे आकडे याच्याशेजारी ठेवून पाहावेत. १८९१ मध्ये जिल्ह्याची वस्ती ६,४२,७२२ होती, ती १९०१ मध्ये ४,९२,२५८ झाली. मधे १८९९-१९०० चा दुष्काळ. दीड लाखांचा खड्डा. अशा काळात आधी गिऱ्हाईक जातं, मग कारागीर, आणि कारागिराबरोबर त्याच्या हाताखालचं पोर. पुढे छागलीची जागा थर्मासने आणि प्लास्टिकच्या बाटलीने घेतली, पण त्या धंद्याचा कणा त्याआधीच खिळखिळा झाला असावा, असं या आकड्यांवरून मला वाटतं.

निजामाच्या राज्यात यंत्रावरचं काम शिकवू शकेल असा एक सरकारी मालक जून १९३२ मध्ये उभा राहिला. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक खात्याने २७ गाड्या आणि १६६ माणसांवर सुरुवात केली. या खात्याचा मराठवाड्यातला हिस्सा राज्य पुनर्रचनेनंतर वेगळा झाला आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात, म्हणजे आपल्या एसटीत, आला. ही नोंद ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण शिकाऊ उमेदवारीचा कायदा बीडला आला तेव्हा त्याला उभं राहायला जी थोडी जागा मिळाली, तीत एसटीची कार्यशाळा होती.

त्याआधीचा महत्त्वाचा कागद म्हणजे मराठी प्रदेशांचं एक राज्य करण्यासाठी झालेला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. कलमं अकरा. यशवंतराव चव्हाण, देवीसिंग चौहान यांच्यासह विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तिन्ही भागांतल्या नेत्यांच्या सह्या. मराठवाडा अविकसित असल्याने त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष द्यायचं आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा, हे वाक्य भाषणांतून पुष्कळ ऐकू येतं. व्यवसाय आणि विज्ञानविषयक प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांमधल्या प्रवेशात त्या त्या भागाला न्याय्य वाटा मिळावा, हेही त्याच करारात आहे. ते भाषणांत येत नाही. तीन वर्षांनी घटनेच्या सातव्या दुरुस्तीत हाच आशय अनुच्छेद ३७१ मध्ये उतरला. फरक एवढाच की घटनेने ‘राष्ट्रपती आदेश काढू शकतील’ असं म्हटलं. काढतील असं नव्हे. आदेश निघाला ९ मार्च १९९४ रोजी. म्हणजे १९५६ साली बीडमध्ये जन्मलेल्या मुलाला या तरतुदीचा आधार मिळायचा, तर तो अडतिशीत पोचला होता.

केंद्राचं चाक मात्र फिरत होतं. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. आयटीआय ही संस्था तिच्यातून आली. १९५६ मध्ये आयटीआयचा रोजचा कारभार राज्यांकडे सोपवला गेला आणि १९६९ मध्ये खर्चाचा भारही. मग आला शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१. तो १ मार्च १९६२ पासून लागू झाला आणि पुष्कळ दुरुस्त्या पोटात घेऊन आजही तोच चालू आहे.

या कायद्याची रचना नीट पाहायला हवी, कारण बीडची गोष्ट तिच्यात अडकली आहे. उमेदवाराचं वय किमान चौदा. त्याने, किंवा तो अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकाने, मालकाशी लेखी करार करायचा आणि तो शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नोंदवायचा. मालकाने काम शिकवायचं, विद्यावेतन द्यायचं, प्रगतीची नोंद ठेवायची. मूळ कायद्यात टाळाटाळ करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. हे सगळं कडक दिसतं. पण जागा किती, हे ठरायचं आस्थापनेतल्या त्या त्या ट्रेडच्या कामगारांच्या संख्येवरून. सरकार जागा निर्माण करत नव्हतं; कारखान्यात आधीच असलेल्या माणसांच्या प्रमाणात त्या मोजत होतं. जिथे शंभर टर्नर आहेत तिथे शिकाऊ टर्नरला जागा. जिथे लेथच नाही, तिथे कायदा पूर्ण लागू असून जागा शून्य. पुणे-ठाण्यासाठी हे गणित बरोबर होतं. बीडसाठी ते नियम पाळूनही रिकामं राहणारं होतं.

१९६२ च्या बीडमध्ये अशा आस्थापना कोणत्या? एसटी. विजेचं मंडळ. जिनिंगचे कारखाने हंगामी. रेल्वे हा देशातला शिकाऊ उमेदवार घेणारा एक मोठा मालक, पण परळी आणि तिच्या आसपासचा पट्टा सोडला तर जिल्ह्यात रूळच नव्हते. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि बीड शहरात पहिली गाडी धावली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. हे जरा विषयांतर झालं, पण बीडच्या माणसाला रेल्वेचं नाव काढून थांबता येत नाही.

चित्र थोडं पालटलं ते परळीत. औष्णिक वीज केंद्राचे तीस-तीस मेगावॅटचे पहिले दोन संच १९७१ मध्ये सुरू झाले. ऐंशीच्या दशकात २१० मेगावॅटचे तीन आले. बॉयलर, टर्बाइन, कोळशाचे पट्टे, स्विचयार्ड : एकाच आवारात इतके ट्रेड जिल्ह्याने आधी पाहिले नव्हते. कायद्याच्या भाषेत जोडारी, वीजतंत्री, तारतंत्री, संधाता. गावाच्या भाषेत फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, वेल्डर. त्याच सुमारास आणि पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले : अंबाजोगाई, तेलगाव, पांगरी, गढी, कडा. आठ आगारांची एसटी, वीज केंद्र, वीज मंडळ आणि साखर कारखाने ही बीडच्या शिकाऊ उमेदवारीची खरी हद्द. तालुक्याच्या गावांत आयटीआय होत गेल्या, पण आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाला वर्षभराची अप्रेंटिसशिप करायला जागा या हद्दीतच शोधावी लागे, नाहीतर वाळूज, चिकलठाणा किंवा चाकणची गाडी धरावी लागे. परळीची जागाही पाण्यावर अवलंबून. जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. संच थंड असताना त्यावर शिकायचं ते काय?

कायद्यातली दोन कलमं उमेदवारांना अनुभवाने पाठ असतात, क्रमांक माहीत नसले तरी. कलम १८ सांगतं की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. कामगार कायदे त्याला लागू नाहीत. अपघाताची भरपाई वेगळ्या कलमाने दिली आहे. आणि कलम २२, २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत : मुदत संपल्यावर उमेदवाराला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नव्हतं, आणि दिलेली नोकरी घेणं उमेदवारावरही नव्हतं. कागदावर तराजू समतोल. एका पारड्यात महामंडळ आणि दुसऱ्यात वडवणीचा वायरमन असला, तर हा समतोल किती खरा, हे सांगायला नको.

दरम्यान महाराष्ट्राने मागासपणा मोजायला घेतला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. समितीने प्रदेशाऐवजी जिल्हा हे एकक धरलं आणि राज्याच्या सरासरीशी प्रत्येक जिल्ह्याची तुलना केली. एकूण अनुशेष निघाला ३,१८६ कोटींच्या वर. त्यात मराठवाड्याचा ७५० कोटींच्या वर. तंत्रशिक्षण हे अनुशेष मोजण्याच्या क्षेत्रांपैकी एक होतं. शासनाने अहवाल औपचारिकपणे स्वीकारला नाही, पण पैसे देताना तो वापरला. असा व्यवहारीपणा आपल्याकडे जमतो. माझी या अहवालाबद्दल एक तक्रार आहे, आणि ती त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल नाही. त्याने सोयींची तूट मोजली. एवढ्या लोकसंख्येला एवढ्या जागा हव्यात, इतक्या कमी आहेत, त्याला इतका खर्च. आयटीआयची इमारत आणि तुकड्या यांचा अनुशेष पैशाने भरून काढता येतो. ज्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करायची, त्याचा अनुशेष या तक्त्यांत बसत नाही. १ मे १९९४ पासून मराठवाडा विकास मंडळ अस्तित्वात आलं, त्यानेही हेच तक्ते पुढे चालवले. ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली.

१९९५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. खटला उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाचा, पण आपल्या एसटीच्या कार्यशाळेत ऑइलने हात काळे केलेल्या प्रत्येकाशी त्याचा संबंध होता. इतर बाबी समान असतील तर थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा तिथेच शिकलेल्या शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावं. त्याच्यासाठी सेवायोजन कार्यालयाकडून नाव येण्याची अट नको. प्रशिक्षणाच्या काळाइतकी वयात सूट द्यावी. आधी शिकलेला आधी, अशी यादी ठेवावी. कलम २२ न मोडता न्यायालयाने त्याला थोडी माणुसकी जोडली. पण प्राधान्य मिळायला आधी भरती निघावी लागते.

२०१४ मध्ये कायदा मोठ्या प्रमाणावर बदलला आणि २२ डिसेंबरपासून नवी रचना आली. मालकाची कैद गेली, दंड राहिला. कलम २२ मध्ये मालकाने भरतीचं आपलं धोरण आखावं, असं आलं. सरकारी ट्रेडच्या यादीबाहेरचे ऐच्छिक ट्रेड आले. पैशाच्या बाजूने बदल झाला तो १९ ऑगस्ट २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेने. तोवर विद्यावेतनाचा भार प्रामुख्याने मालकावर होता. आता ठरलेल्या विद्यावेतनाच्या चौथ्या हिश्श्याइतकी, महिन्याला १,५०० रुपयांच्या मर्यादेत, रक्कम केंद्र देणार. १०,००० कोटींची तरतूद आणि पन्नास लाख उमेदवारांचं लक्ष्य. सप्टेंबर २०१९ च्या नियमांनी विद्यावेतन शिक्षणावर बांधलं : पाचवी ते नववी शिकलेल्याला ५,०००, दहावीला ६,०००, आयटीआयवाल्याला ७,०००, पदविकेला ८,०००, पदवीधराला ९,०००. तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं सक्तीचं. चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. बीडला हा बदल उपयोगी पडू शकला असता, कारण जिल्ह्यातले गॅरेज, वर्कशॉप, दवाखाने, दुकानं या चार-ते-एकोणतीसच्या गटातच येतात. पण तिथे सक्ती नाही, आणि पाच माणसांच्या वर्कशॉपवाल्याला पोर्टल, करार, हजेरी, दावा हे सगळं एका पोरासाठी करायचं म्हणजे स्वतःकडेच एक कारकून ठेवायचा. तो पोराला तसाच हाताखाली घेतो, जुन्या पद्धतीने. पोर शिकतं, कागद होत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे कागद. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास लाखो माणसं ऊसतोडीला जातात. त्यांचा व्यवहार मुकादमाशी, आणि मुकादमाचा कारखान्याशी. हंगामाच्या आधी, कधी पावसाळ्यातच, उचल मिळते : एका कोयत्याला पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. १८५० च्या कायद्यात मुलीचं शिकणं लग्नापाशी संपत होतं; फडात तिचं काम लग्नापासून सुरू होतं, आणि जोडी पुरी करण्यासाठी लग्न लवकर उरकण्याचा दबाव घरोघर असतो. तोडणीचा दर मात्र छापील असतो. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादात ठरलेल्या ३४ टक्के वाढीने तो टनाला २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला.

एक हिशेब मांडून पाहू. जोडीने दिवसाला दोन टन तोडला आणि महिन्यात पंचवीस दिवस फड मिळाला, तर १८,३०० रुपये होतात, माणशी नऊ हजारांच्या वर. आयटीआय झालेल्या शिकाऊ उमेदवाराला महिन्याचे ७,०००, त्यातून चाकणला खोलीचं भाडं आणि मेस. पण रकमेतल्या या फरकापेक्षा मला वेळेचा फरक मोठा वाटतो. विद्यावेतन महिना भरल्यावर मिळतं, सरकारी हिस्सा त्याहून उशिरा येतो. उचल आधी मिळते, खरिपाचं बियाणं, दवाखाना, लग्न यांच्या नेमक्या वेळी. ज्या घराला जूनमध्ये रोख पैसा हवा, त्याला ऑगस्टमध्ये प्रवेश, दोन वर्षांनी प्रमाणपत्र आणि मग वर्षभराची उमेदवारी हा रस्ता परवडावा कसा? शिष्यवृत्तीची आणि विद्यावेतनाची एकही योजना हंगामाआधी हातात पैसा ठेवत नाही. मुकादम ठेवतो, आणि त्याची किंमत वसूल करतो.

या दोन जगांमध्ये पूल घालणारा कागद माझ्या मते एकच, आणि तो कौशल्य खात्याचा नाही. जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली : ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. पोर फडावर गेलं की शाळेचे सहा महिने बुडतात, दहावी हुकते, आणि विद्यावेतनाच्या तक्त्यातल्या वरच्या ओळी त्याच्यासाठी बंद होतात. वसतिगृह ही गळती मुळाशी अडवतं.

त्यानंतर आली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. शासन निर्णय ९ जुलै २०२४ चा. अठरा ते पस्तीस वयाच्या तरुणांना सहा महिने प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण, बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. साठ वर्षांच्या यंत्रणेत इथे खरा बदल दिसतो. पूर्ण रक्कम सरकार देतं, थेट खात्यात; आणि शासकीय कार्यालयंही आस्थापना म्हणून धरली आहेत. मोजकेच कारखाने असलेल्या बीडमध्ये तहसील आहे, पंचायत समिती आहे, शाळा आणि दवाखाने आहेत. जागा मोजायला प्रथमच भरपूर काही सापडलं. ते प्रशिक्षण बहुतांशी संगणकावरच्या नोंदीचं आणि टपाल-फाइलींचं झालं तर त्याला कौशल्य किती म्हणावं, हा प्रश्न उरतोच. जोडारी किंवा संधात्याच्या परीक्षेसारखी त्याच्या शेवटी परीक्षा नाही. आणि कायम नोकरीचा हक्क या प्रशिक्षणातून मिळत नाही. कलम २२ चा आशय इथे शासन निर्णयाच्या भाषेत पुन्हा आला.

२०२५ मध्ये ही मुदत सहावरून अकरा महिन्यांची करण्यात आली. अकरा महिने संपले तसे राज्यभरचे प्रशिक्षणार्थी कायम नेमणुकीसाठी रस्त्यावर आले. त्याच वर्षी टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागाने बीडला नवं प्रशिक्षण केंद्र मंजूर झालं. यंत्रमानव आणि संगणकावर चालणारी यंत्रं तिथे शिकवायची आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन ५,००० ते ९,००० वरून ६,८०० ते १२,३०० करण्याची शिफारस केली. रक्कम महिना भरल्यावरच मिळायची आहे.